दुसऱ्याच्या आभाळाचा भाव

सास्कॅचवानमधल्या शेतकऱ्याला फोन लावला की आधी पावसाचं बोलणं होतं, भाव नंतर निघतो. मी रेजायनाजवळच्या एका डाळ कारखान्यासाठी मसूर आणि वाटाणा खरेदी करते. दिवसभर माझं बोलणं याच क्रमानं चालतं: पाऊस किती झाला, पीक कुठवर आलं, पाला पिवळा पडतोय का, आणि मग पाउंडाला किती सेंट. संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळ झाली की, औसा तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या वडिलांना, अण्णांना, फोन होतो. अण्णा तूर आणि सोयाबीन करतात. तिथंही क्रम तोच. "पाऊस हाय का तिकडं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. लातूरच्या मोंढ्यात काल तूर काय भावानं गेली, हा माझा.

शेतमालाचा भाव आभाळाकडे बघून ठरतो, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी आभाळाकडे बघून ठरतो. आणि ज्याचं स्वतःचं आभाळ कोरडं गेलं, त्याच्याकडे भाव चढतो तेव्हा विकायला माल उरलेला नसतो. लातुरात असताना मला यातली एकच बाजू दिसायची. इथं आल्यावर दोन्हीकडचे आकडे रोज समोर येऊ लागले, आणि तेव्हा हे सगळं नीट उलगडलं.

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकताना आम्हाला काळ्या चिकणमातीचा अभ्यास होता. उन्हाळ्यात भेगाळणारी, ओली झाली की पायाला मणभर चिकटणारी, पाणी धरून ठेवणारी माती. रेजायनाच्या भोवतालच्या सपाट पठारावर पहिल्यांदा उतरले तेव्हा बुटाला तीच माती लागली. शास्त्रीय वर्गीकरणातही ती आपल्या रेगुरीच्याच गटात बसते. वर्षाचा पाऊस मात्र लातूरच्या निम्म्याच्या आसपास, साडेतीनशे ते चारशे मिलिमीटर, आणि त्यातही बराच भाग बर्फाचा. नैऋत्येला स्विफ्ट करंटकडे गेलं की जमीन आणखी कोरडी होत जाते. १८५७ ते १८६० या काळात ब्रिटिश सरकारनं पाठवलेल्या जॉन पॅलिसरनं हा पट्टा शेतीला फारसा लायक नाही असं कळवलं होतं. आज त्याच पट्ट्यातून जगाला गहू, कॅनोला हे गळिताचं पीक, मोहरी आणि मसूर जाते.

हे कसं जमतं ते बघण्यासारखं आहे. नांगरट जवळजवळ बंद झाली आहे. गव्हाची धसकटं हिवाळाभर उभी ठेवायची, म्हणजे वाऱ्यानं उडणारा बर्फ त्यांच्यात अडकतो आणि एप्रिलमध्ये वितळून तिथंच मुरतो. त्या ओलीवर मे महिन्यात मोठमोठ्या यंत्रांनी थेट धसकटांत पेरणी होते. मसूर पेरून झाल्यावर शेतावरून जड रोलर फिरवतात, कारण मसुरीच्या शेंगा जमिनीलगत लागतात आणि कापणीत खडे आले की यंत्राची पाती तुटतात. ऑगस्टमध्ये पीक वाळवायचं, कापायचं, आणि पहिल्या कडक थंडीच्या आत कोठारात टाकायचं. मधे हातात दिवस असतात शंभर-सव्वाशे. २० ऑगस्ट २००४ ला प्रेअरीवर, म्हणजे इथल्या सपाट मैदानी मुलखावर, अवेळी हिमकडाका पडला आणि दाणा भरत आलेली पिकं एका रात्रीत काळवंडली. मी तेव्हा इथं नव्हते, पण म्हातारे शेतकरी ती तारीख आजही सांगतात, आमच्याकडे किल्लारीच्या भूकंपाची तारीख सांगतात तशी.

मसूर इथली नव्हे. सास्काटूनच्या विद्यापीठात १९७१ मध्ये पीक विकास केंद्र सुरू झालं. पुढच्या वर्षी तिथं अल स्लिंकार्ड नावाचे संशोधक आले, आणि १९७८ मध्ये त्यांनी 'लेअर्ड' ही मोठ्या हिरव्या दाण्याची जात दिली. तोवर कोरडवाहू शेतकरी जमीन एका वर्षाआड पडीक ठेवत, ओल साठावी म्हणून. मसुरीला पाणी कमी लागतं, ती नत्र जमिनीत सोडते, आणि पडीक वर्षाच्या जागी एक पीक हाती येतं. कॅनडा आज जगातला मसुरीचा सर्वांत मोठा निर्यातदार आहे आणि त्यातली बहुतेक मसूर सास्कॅचवानची. भारतात आमटीत शिजणाऱ्या मसूरडाळीचा कितीतरी भाग मी ज्या रस्त्यांवरून गाडी चालवते त्यांच्या कडेला वाढलेला असतो.

आता भावाचं. गव्हाला शिकागो आणि मिनियापोलिसचा वायदेबाजार आहे. कॅनोलालाही आहे, आणि तो विनिपेगमध्ये उभा राहिला, जिथं १८८७ पासून धान्याचे सौदे होत आले होते. मसूर आणि वाटाण्याला वायदेबाजार नाही. त्यामुळे आमच्या धंद्यात भाव पडद्यावर दिसत नाही, तो फोनवर ठरतो, आणि आभाळाची बातमी आली की आधी फोन वाजतात. प्रांताचं शेतीखातं हंगामभर दर आठवड्याला पीक अहवाल काढतं. ऑगस्टच्या अखेरीस कॅनडाचं सांख्यिकी खातं उपग्रहाच्या चित्रांवरून आणि हवामानाच्या नोंदींवरून उत्पादनाचा अंदाज देतं. तुर्कस्तानात वसंतातला पाऊस कसा झाला, नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाचं पीक किती निघालं, हे बघावं लागतं. आणि एप्रिलच्या मध्यावर दिल्लीहून मान्सूनचा पहिला अंदाज येतो, तेव्हा बर्फ नुकता वितळलेल्या एखाद्या गावातल्या चहाकॉफीच्या टेबलावर टोप्या घातलेली माणसं दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीबद्दल बोलत बसलेली मी पाहिली आहेत. त्यांना मराठवाडा नकाशावर दाखवता येणार नाही. तिथं पाऊस पडला की नाही, ते मात्र त्यांना कळतं.

मी या कामाला लागले त्या सुमाराचं २०१५-१६ चं वर्ष माझ्या मनातून जात नाही. मराठवाड्यात पाठोपाठ पाऊस दगा देत होता. २०१५ च्या दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली. तूर परवडेना म्हणून लोक मसुरीकडे वळले, आणि इथं लाल मसुरीचा भाव पाउंडाला चाळीस सेंटांच्या पुढे गेला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी जाऊ लागलं. आईनं फोनवर सांगितलं की गावात टँकर आठवड्यातून एकदा येतो. त्याच आठवड्यात माझ्याकडे येणारे शेतकरी बियाण्याच्या ऑर्डरी वाढवत होते. मसुरीखालचं क्षेत्र एका वर्षात सुमारे चाळीस लाख एकरांवरून अठ्ठावन्न लाख एकरांच्या आसपास गेलं. भले लोक, कष्टाळू लोक. त्यांच्या आनंदात काही वावगं नव्हतं. पण तो आनंद आमच्या आडाच्या तळाशी उगवलेला आहे हे त्यांच्यात फक्त मला ठाऊक होतं, आणि ते मला जड जायचं.

पुढं काय झालं ते दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना चांगलंच आठवतं. २०१६ च्या उन्हाळ्यात इथं पाऊस थांबेना. मसुरीला पाण्यात पाय चालत नाहीत. सखल जागी पीक बसलं, मुळं कुजवणारी बुरशी जमिनीत पसरली, कापणीच्या वेळी भिजून दाण्याचा रंग उतरला. तरी क्षेत्रच एवढं वाढलेलं की एकूण बत्तीस लाख टन मसूर निघाली. तिकडे मराठवाड्यातही त्या वर्षी चांगला पाऊस झाला, आणि सरकारच्या सांगण्यावरून आणि आदल्या वर्षीचा भाव पाहून सगळ्यांनी तूर पेरलेली. देशात तुरीचं विक्रमी पीक आलं. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये होता. मोंढ्यात तूर चार हजारांच्याही खाली गेली. नाफेडच्या केंद्रांसमोर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, मग बारदाना संपला. अण्णा दोन रात्री ट्रॉलीखाली झोपले होते. दोघांनीही चांगल्या भावाकडे पाहून पेरलं, दोघांनाही पीक मिळालं, आणि दोघांचाही भाव गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतानं वाटाण्यावर पन्नास टक्के आयातशुल्क लावलं, डिसेंबरात मसूर आणि हरभऱ्यावर तीस टक्के. पुढच्या वर्षी इथं लाल मसूर पंधरा-सोळा सेंटांवर आली. अण्णांना ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग त्येंचंबी आमच्यावानीच झालं म्हन की." त्यांच्या आवाजात समाधान नव्हतं, कणव होती.

२०२१ हे वर्ष मात्र वेगळं. त्या वर्षी मी भाव आणि पीक एकमेकांपासून फाटत जाताना डोळ्यांनी पाहिलं.

जूनच्या अखेरीस पश्चिम कॅनडावर गरम हवेचं झाकण बसलं. २९ जूनला ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावी ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं. हा देशाचा आजवरचा उच्चांक आहे. दुसऱ्या दिवशी ते गाव वणव्यात जळालं. मग ती उष्णता पूर्वेला सरकली. इथं हिवाळ्यात बर्फ कमी पडला होता, वसंतात वारा सुटला होता, ओल आधीच तळाला गेली होती. रोझटाऊनजवळच्या एका शेतकऱ्याकडे मी जुलैत गेले. साठीतले गृहस्थ, तिसऱ्या पिढीचे शेतकरी. त्यांच्या आजोबांनी १९३० च्या दशकातली धुळीची वादळं पाहिली होती. तेव्हा दिवसा दिवा लावावा लागे आणि खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबावी लागत. त्यांची मसूर घोट्याएवढी होती. फुलं आली होती, पण मसुरीचं फूल एवढ्या उष्म्यात टिकत नाही, गळून जातं. मी एक शेंग सोलली. आत काही नव्हतं. शेताच्या कडेनं चालताना प्रत्येक पावलाला नाकतोड्यांचा थवा उठायचा, कारण कोरड्या वर्षी त्यांची पिल्लं मरत नाहीत आणि हिरवं तेवढं फस्त करतात. ते मला म्हणाले, "तीन आठवड्यांपूर्वी एक इंच पडला असता तर मी तुम्हाला वेगळं शेत दाखवलं असतं." एवढंच बोलले. नंतर आम्ही गाडीपर्यंत चालत आलो.

भाव तोवर धावू लागला होता. कॅनोलाचं देशातलं उत्पादन आदल्या वर्षीच्या जवळपास एक कोटी पंच्याण्णव लाख टनांवरून एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास घसरलं. गहू साडेतीन कोटींवरून सव्वादोन कोटी टनांवर, मसूर सोळा लाखांवर. एरवी पाचशे डॉलरच्या आसपास राहणारा कॅनोलाचा टनाचा वायदा त्या वर्षाच्या अखेरीस पहिल्यांदाच हजार डॉलर ओलांडून गेला. वर्तमानपत्रांत शेतमालाच्या तेजीचे मथळे झळकले. ते वाचून शहरातल्या ओळखीच्या लोकांनी मला विचारलं, शेतकऱ्यांची चांदी असेल नाही या वर्षी?

रोझटाऊनच्या त्या शेतकऱ्यानं काय केलं होतं ते सांगते. फेब्रुवारीत, जमीन बर्फाखाली असताना, त्यांनी आपल्या अपेक्षित कॅनोलाचा काही भाग बुशेलला बारा डॉलरच्या आसपास एका कंपनीला विकला होता. भाव तेव्हा उत्तम वाटत होता, आणि खर्च भागवायला आगाऊ सौदा करणं हे शहाणपणाचंच काम. पीक आलं तेव्हा सौद्याइतकाही माल निघाला नाही. सौद्यात नैसर्गिक आपत्तीचं कलम नव्हतं. बाजारात तोच कॅनोला वीस डॉलरच्या पुढे होता. न पिकलेल्या बुशेलांसाठी मधला फरक त्यांना खिशातून भरावा लागला, वर कंपनीचा प्रशासकीय आकार. असे शेतकरी प्रेअरीवर त्या शरद ऋतूत गावोगावी होते. भाव दुष्काळानं वाढला, आणि ज्यानं दुष्काळ सोसला त्यालाच त्या वाढीव भावानं माल विकत घेऊन सौदा पुरा करायचा होता. हे कागदावर कायदेशीर आहे. मला ते आजही न्याय्य वाटत नाही. ज्याला पाऊस पाडता येत नाही, त्याच्यावर पावसाची सगळी जोखीम एकट्यानं टाकायची, आणि खरेदीदारानं मात्र वायदेबाजारात आपली जोखीम उतरवून मोकळं व्हायचं, हा करार दोन सारख्या माणसांमधला नाही.

मसूर, मोहरी यांच्या सौद्यांत एकरामागे पहिल्या काही बुशेलांपुरतं आपत्तीचं कलम असतं: तेवढं पिकलं नाही तर देणं माफ. त्या वर्षानंतर माझ्याकडे येणारा प्रत्येक शेतकरी आधी ते कलम वाचतो, मग भाव विचारतो. मीही त्यांना तेच पान आधी उघडून दाखवते.

त्याच शरद ऋतूत आभाळानं उलटी बाजू दाखवली. नोव्हेंबरच्या मध्यावर ब्रिटिश कोलंबियात असा पाऊस कोसळला की फ्रेझर नदीच्या खोऱ्यातली शेतं बुडाली आणि व्हॅंकूवर बंदराकडे जाणारे दोन्ही लोहमार्ग तुटले. इथला जो थोडाफार माल पिकला होता तोही डब्यांत अडकला, बंदराबाहेर जहाजं नांगर टाकून उभी राहिली. इथल्या हिवाळ्यातही हवा मालाची वाट अडवते. उणे पंचवीसच्या खाली पारा गेला की लांब गाडीच्या ब्रेकांना हवेचा दाब पुरत नाही, म्हणून रेल्वे गाड्या तोकड्या करते, आणि जानेवारीत पोचायचा माल मार्चमध्ये पोचतो. पुण्याच्या दुकानात डाळ महाग झाली की त्यामागं यातलं काय काय असतं, हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या दुकानांतून दिजाँ मोहरीच्या बाटल्या नाहीशा झाल्या, तेव्हा तिथल्या लोकांना त्याचं एक मोठं कारण सास्कॅचवानचा कोरडा जुलै आहे हे कळलं. इटलीतल्या पास्त्याचंही तेच, कारण त्याला लागणारा कठीण गहू निर्यात करण्यात कॅनडाच पुढे आहे.

एक गोष्ट मात्र मला इथली मनापासून पटते, ती म्हणजे पीकविमा. प्रांताच्या विमा महामंडळात शेतकऱ्याचा हप्ता चाळीस टक्के, उरलेला संघराज्य आणि प्रांत सरकार भरतात. महत्त्वाचं हे की संरक्षण त्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातल्या मागच्या वर्षांच्या उत्पन्नावरून ठरतं, आणि नुकसानही त्याच्याच शेतातलं मोजतात. २०२१ च्या जुलैत महामंडळानं आणखी एक निर्णय घेतला. पीक इतकं खालावलं की ते वाया गेलं असं धरायची जी मर्यादा, ती दुप्पट केली, म्हणजे शेतकऱ्याला कापणीची वाट न बघता उभं पीक जनावरांच्या चाऱ्याला देता आलं आणि भरपाईही मिळाली. जनावरं वाचली. त्या वर्षीची भरपाई दोन अब्ज डॉलरच्या वर गेली.

आपल्याकडे विमा महसूल मंडळावर चालतो. मंडळात काही ठिकाणी पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यांच्या सरासरीवर सगळ्यांचं ठरतं. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयात विमा होता, २०२५ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. एका वर्षी आमच्या शिवारात गारपिटीनं हरभरा झोपला आणि मंडळाच्या दुसऱ्या टोकाला पीक उभं राहिलं, म्हणून अण्णांच्या खात्यावर काहीच आलं नाही. इथं हजारो एकरांचे शेतकरी आहेत, त्यांचं मोजमाप सोपं पडतं हे खरं. पाच एकरांच्या प्रत्येक शेतात माणूस पाठवणं महाग आहे. पण ज्या उपग्रहांवरून कॅनडा मसुरीचा अंदाज बांधतं ते औशावरूनही जातात. लहान शेतकऱ्याचं नुकसान त्याच्या बांधाच्या आत मोजायची इच्छा असेल तर साधनं आता आहेत.

आणि दुसरी गोष्ट कोठारं. इथल्या प्रत्येक शेतावर पत्र्याच्या गोल कोठारांची रांग असते. सप्टेंबरात भाव पडला तरी माल आत टाकायचा, त्याच्यावर सरकारी योजनेतून आगाऊ रक्कम उचलायची, काही रकमेपर्यंत व्याजही नाही, आणि मार्चमध्ये विकायचं. आभाळानं दिलेलं आभाळाच्याच दिवसांत विकावं लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या घरी तूर मधल्या खोलीत रचली जाते. एप्रिल लागला की भुंग्याची भीती, आणि त्याआधीच मार्चअखेर सोसायटीचं कर्ज उभं. म्हणून सगळे एकाच महिन्यात मोंढ्यात जातात आणि आवक वाढली म्हणून भाव पडतो.

२०२३ चा ऑगस्ट भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात ऐन शेंगा भरताना खंड पडला, सोयाबीन करपलं, तूर खुरटली. डाळी महागणार हे दिसताच डिसेंबरात सरकारनं पिवळ्या वाटाण्यावरचं शुल्क पूर्ण काढलं, आणि मग ती सवलत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. आमच्या कारखान्यात वाटाण्याच्या पाळ्या वाढल्या. जहाजांमागून जहाजं मुंद्रा आणि कोलकात्याकडे निघाली. वाटाणा स्वस्त, तो बेसनात जातो, हरभऱ्याच्या जागी जातो, आणि हरभऱ्याला ओढून खाली आणला की तूरही मागोमाग उतरते. २०२४ मध्ये तूर बारा हजारांच्या पुढे गेली होती. २०२५ मध्ये नवं पीक आलं तेव्हा हमीभाव ७,५५० रुपये आणि मोंढ्यातला भाव त्याच्याही खाली.

त्या दिवसांत अण्णा एकदा फोनवर म्हणाले, "तुमच्या वाटाण्यानं आमच्या तुरीचा भाव खाल्ला बघ." माझ्याकडे उत्तर होतं. मी त्यांना सांगू शकले असते की शहरातल्या मजुरालाही डाळ परवडायला हवी, की दुष्काळाच्या वर्षी बाहेरून आणलं नाही तर गरिबाच्या ताटातून वरण जातं. ते खरं आहे, आणि ते त्यांनाही कळतं. पण आयातीचं दार दुष्काळात उघडलं आणि पाऊस परतल्यावरही सताड उघडंच राहिलं, तर त्याचा भार पुन्हा त्याच माणसावर पडतो ज्यानं दुष्काळ सोसला. शुल्क कधी शून्य, कधी पन्नास टक्के, आणि बदल कधी होईल ते पेरताना कुणालाच ठाऊक नाही. याचा त्रास रोझटाऊनलाही तितकाच होतो जितका औशाला. दोघांनाही पेरणीपूर्वी एवढंच हवं असतं की कापणीपर्यंत नियम तोच राहील. आभाळ बदलतं, त्याला इलाज नाही. राजपत्रातलं कलम दर चार महिन्यांनी बदलायलाच हवं असं नाही. हे मी अण्णांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "हे दिल्लीला सांग." मग त्यांनी मला आमच्या म्हशीची बातमी दिली.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस पडला तो त्यांच्या वयात त्यांनी पाहिला नव्हता. तेरणा पात्र सोडून वावरात शिरली. सोयाबीन काढणीला आलेलं, ते पाण्याखाली शेंगांतच उगवलं. नदीकाठच्या दोन एकरांवरची माती खरवडून गेली. तूर पाण्यात उभी राहिली, पाणी ओसरल्यावर पिवळी पडली आणि वाळली. वरच्या मुरमाड तुकड्यातली तेवढी वाचली.

इथं त्याच शरद ऋतूत गव्हाचं आणि कॅनोलाचं आजवरचं सर्वांत मोठं पीक निघालं. वाटाणाही भरपूर. पण मार्चपासून चीननं कॅनडाच्या वाटाण्यावर शंभर टक्के शुल्क लावलेलं, त्यामुळे सगळ्यांची नजर भारतावर. ऑक्टोबरच्या अखेरीस बातमी आली की १ नोव्हेंबरपासून पिवळ्या वाटाण्यावर तीस टक्के शुल्क. त्या सकाळी रोझटाऊनहून फोन आला. चार वर्षांपूर्वी रिकामी असलेली कोठारं आता काठोकाठ होती आणि मी सांगितलेला भाव आदल्या आठवड्यापेक्षा उतरलेला. ते म्हणाले की पुढच्या वर्षी वाटाण्याचं क्षेत्र कमी करीन, तसंही मूळकुज लागलेल्या शेतात सहा-आठ वर्षं वाटाणा किंवा मसूर घ्यायची नाही. संध्याकाळी अण्णांचा फोन. शुल्काची बातमी त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती. तुरीचा भाव सुधारेल का, असं त्यांनी विचारलं. सुधारू शकतो, मी म्हटलं, या हंगामाचा हमीभावही आठ हजार आहे. "पन हाय कुटं तूर?" ते म्हणाले. "पाच-सात पोती निघली तर निघली."

मग आम्ही हरभऱ्याकडे वळलो. पुरानं एक केलं होतं, जमिनीत ओल भरपूर ठेवली होती, आणि वापसा येताच त्यांनी वरच्या रानात हरभरा टाकायचं ठरवलं होतं. त्यांनी विचारलं की बाहेरून हरभरा येणार आहे का. ऑस्ट्रेलियात काढणी चालू आहे आणि पीक चांगलं आहे, मी सांगितलं, तेव्हा मार्चमध्ये भाव दबलेला असेल असं धरून चाला. निम्मा लगेच विकून सोसायटी भागवा आणि निम्मा बाजार समितीच्या तारण योजनेत ठेवा. किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते आणि माल सहा महिने गोदामात राहू शकतो.

"याज किती?" अण्णांनी विचारलं.

सहा टक्के, मी सांगितलं. त्यांनी आईला हाक मारून वहीत लिहून ठेवायला सांगितलं.